निळ्या स्प्रिंगचा चमत्कार

अग्निशमन दलाच्या वार्षिक शारीरिक चाचणीत मी नापास झालो. हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. आपण गर्दीकडे जाऊ.

चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. एका भिंतीला आरसे आणि समोर ओळीने आठ यंत्रं. यंत्र म्हणजे रुळांवर पुढेमागे सरकणारी अरुंद गादी, एका टोकाला धरायला दांडा, आणि गादीला त्या दांड्याकडे ओढणाऱ्या स्प्रिंगा. लाल स्प्रिंग जाड, निळी बारीक. या यंत्राला रिफॉर्मर म्हणतात. म्हणजे सुधारक. आत येणारा बिघडलेला आहे हे यंत्र विकत घेतानाच ठरलेलं असतं.

दर शनिवारी सकाळी तिथे बारा-पंधरा माणसं मोजे घालून उभी राहायची आणि तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम एखाद्या धडधाकट माणसाला गादीवर चढवून त्याचा निकाल लावायच्या. आधी एक पोहणारा झाला होता, एक पैलवान झाला होता. त्या शनिवारी मी होतो. मला आणलं वहिनीने. ती दातांच्या डॉक्टरांकडे दिवसभर खुर्चीत बसून फोन घेते, आणि इथे आल्यापासून तिची पाठ दुखायची थांबली होती. "भाऊजी, एकदा येऊन तर बघा," ती म्हणाली होती. मी हसलो होतो. मी रोज आठ किलोमीटर पळायचो, त्यामुळे मला हसायची सवय होती.

"हे अग्निशमन दलात आहेत," मॅडमनी माझी ओळख करून दिली. "शरीर बघा. दिसायला कपाट आहे. उघडून बघू आत काय आहे."

हात दांड्यावर, पाय गादीवर, शरीर फळीसारखं सरळ. गादी पायांनी मागे ढकलायची आणि पुन्हा आणायची. एवढंच.

"यांच्यासाठी मी सगळ्या लाल स्प्रिंगा काढते," मॅडम गर्दीला म्हणाल्या. "फक्त एक निळी ठेवते. म्हणजे वजन जवळपास नाहीच."

तिसऱ्या वेळी माझं पोट थरथरलं. पाचव्या वेळी दांडा थरथरला. सातव्या वेळी अंगात आल्यासारखा मी अख्खा थरथरत होतो, आणि गर्दीतून "अरे बापरे" असा समाधानी आवाज आला.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "तुमचे बाहेरचे स्नायू गर्विष्ठ आहेत. आतले लाजाळू. ते आज पहिल्यांदा बोलतायत."

"काय म्हणतायत?" मी गादीवर पडून विचारलं.

"पळणं बंद करा म्हणतायत. जिनेही. सहा आठवडे."

माझ्या स्नायूंनी इतकं सविस्तर सांगितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण मी ऐकलं. भक्तीचा हा प्रकार फार वेगाने चढतो. मी अग्निशमन केंद्रावर दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी निळी काढून एक लाल लावली, पाचव्यात दोन लाल. माझी थरथर गेली. जाड स्प्रिंग म्हणजे जास्त वजन, हे व्यायामशाळेत घाम गाळलेल्या कुणालाही कळतं. म्हणजे मी दुप्पट, तिप्पट ताकदवान झालो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

केंद्रावर मी प्रचार सुरू केला. गाडीखाली शिरायला मेकॅनिक लोकांची चाकाची फळी असते, तिला सायकलच्या ट्यूब बांधून मी यंत्र बनवलं आणि दोन सहकाऱ्यांना आळीपाळीने त्यावर आडवं केलं. तेवढ्यात मामा आले. मामा म्हणजे आमचे कवायत घेणारे. वय छप्पन, पोट मोठं, मूळचे पंप दुरुस्त करणारे. सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणतं.

"हा का थरथरतोय?" त्यांनी विचारलं.

"त्याचे आतले स्नायू बोलतायत, मामा."

"बाहेरच्याला सांग फळी परत दे म्हणून. गाडीचं तेल बदलायचंय."

मग चाचणी झाली. पंचवीस किलोची होजची गुंडाळी खांद्यावर घेऊन ठरलेल्या वेळात सात मजले चढायचे. चौथ्या मजल्यावर मी बसलो. बसताना पाठ अत्यंत सरळ होती. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, "बैठक उत्तम. पोहोचला नाही." महिन्याने फेरचाचणी. तीही गेली तर गाडीवरून नाव कमी होऊन कंट्रोल रूमच्या फोनवर बसायचं होतं. लहानपणापासून मला त्या गाडीवर उभं राहायचं होतं. फोन उचलायचा असता तर मी वहिनीच्या शेजारची खुर्ची मागितली असती.

"चल, ते यंत्र दाखव," मामा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते मोजे घालून गर्दीत उभे राहिले. एका मोज्याला भोक होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या वयाला आपण हळूहळू जाऊ. एक निळी..."

"नको. दोन लाल लावा."

गर्दी कुजबुजली. मामांनी दांडा धरला, पोट सावरलं आणि गादी बारा वेळा मागेपुढे केली. थरथर शून्य. मग उठून मला म्हणाले, "आता तू. निळीवर."

पाच आठवड्यांचा तिप्पट ताकदवान मी सातव्या वेळी पुन्हा थरथरलो.

"म्हणजे हे काका याच्यापेक्षा फिट आहेत?" वहिनीने विचारलं.

"मला तीन जिने चढले की दम लागतो," मामा म्हणाले. ते वाकून स्प्रिंगा बघत होते. "अगं पोरी, ही स्प्रिंग गादीला दांड्याकडे ओढून धरते. जाड लावली की गादीला ती सांभाळते, आपण नुसतं ढकलायचं. बारीक लावली की गादी पळायला बघते, मग तिला कोण धरणार? पोट. या व्यायामात हलकी स्प्रिंग अवघड असते आणि जाड सोपी. पहिल्या दिवशी अवघड द्यायची आणि म्हणायचं सोपी आहे. शेवटी सोपी द्यायची आणि म्हणायचं अवघड आहे. मधे माणूस आपोआप सुधारतो. मॅडम, तुम्ही करून दाखवता का निळीवर? वीस वेळा."

मॅडमनी केलं. छान केलं. चौदाव्या वेळी त्याही थरथरल्या.

"तुमचे काय म्हणतायत?" मामांनी विचारलं.

मॅडम गादीवर बसल्या. "दमलेत म्हणतायत," त्या हळूच म्हणाल्या. "महिन्याभरात फरक दिसला नाही तर लोक यायचे थांबतात हो."

"पण माझी पाठ खरंच थांबली दुखायची," वहिनी म्हणाली.

"ते खरंच आहे. तू दिवसभर बसायचीस, आता हलतेस. पाठीला तेवढंच हवं होतं. याला काय हवं होतं ते याला आधीच मिळत होतं, आणि याने ते सोडलं."

तर वाचकहो, यंत्र खोटं नाही. तुम्ही आधीच तंदुरुस्त असाल तर आठवड्यातून एकदा जरूर जा. पोट, कंबर, तोल, जे पळताना राहून जातं त्याला चांगला व्यायाम होतो. पण जे काम करायचं त्याचा सराव सोडून जाऊ नका. नवीन हालचाल करताना कुणीही थरथरतो. ती फक्त दमणूक असते, तिच्यात संदेश नसतो. आणि प्रगती झाली असं कुणी सांगितलं तर टाळ्या वाजवण्याआधी वाकून स्प्रिंग बघा. मी पाच आठवडे त्याच गादीवर होतो आणि एकदाही वाकलो नाही.

मी पुन्हा जिने चढायला लागलोय. काल पाचव्या मजल्यापर्यंत गेलो. फेरचाचणी नऊ दिवसांवर आहे, तेव्हा खबरदारी म्हणून आज आवक-जावक विभागात पुढील अर्ज दिला:

"प्रति, मा. केंद्र अधिकारी. विषय: आगींच्या उंचीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदाराची फेरचाचणी होईपर्यंत कार्यक्षेत्रातील सर्व आगी पाचव्या मजल्यापर्यंतच लागाव्यात, असे परिपत्रक आपल्या स्तरावरून तातडीने निर्गमित करून त्याची एक प्रत सर्व संबंधित आगींना माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात यावी."