सोन्याचं मांजर आणि मी

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजर आहे, एवढं छातीठोकपणे सांगते. बाकी माणसांविषयी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं मला स्वतःलाच अजून कळलेलं नाही. सतरा वर्षं काशीत, ब्रह्मा घाटावर, एका वैदिक ब्राह्मणाच्या घरात काढूनही नाही.

माझं नाव गोदा. जन्म पोथ्यांच्या संदुकीत, लाल रुमालांच्या गठ्ठ्यावर. माझी आई चौथ्या दिवशी जी गेली, ती परत आलीच नाही. तेव्हा घरधनी नरहरशास्त्री यांनी देवापुढची फुलवात उचलली, दुधात बुडवली आणि माझ्या तोंडाशी धरली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, देवाची वात ती!" शास्त्रीबुवा म्हणाले, "देवाकडे पुष्कळ आहेत." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

मोठी झाल्यावर मी कामाला लागले. घरात जितक्या पोथ्या, तितकेच उंदीर. माझ्या उमेदीच्या काळात एकाही पोथीचं पान कुरतडलं गेलं नाही. आल्यागेल्याला शास्त्रीबुवा सांगत, "अर्धा वेद मी राखला, अर्धा हिनं." ते ऐकलं की मी शेपूट उंच करून घरभर फिरायची. शास्त्रीबुवा सोवळ्यात असले की त्यांना कोणी शिवायचं नाही, मला मात्र मुभा होती. "मांजराला विटाळ नाही," असं ते म्हणत. का नाही, ते मी कधी खोदून विचारलं नाही. फायद्याच्या गोष्टीची फार चौकशी करू नये.

माझा गोंधळ सुरू झाला तो यजमानांपासून. दक्षिणेतून लोक गंगेवर येत आणि त्यांतला एखादा शास्त्रीबुवांना बाजूला घेऊन हळूच सांगे, की हातून मांजर मेलं. कुणाच्या गाडीखाली, कुणाच्या दारात चेंगरून. मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं, अशी तुमच्याकडे समजूत आहे म्हणे. मग तांदळाच्या राशीवर एक इवलंसं सोन्याचं मांजर बसे. "तुळशीच्या पानाएवढं चालतं," असं शास्त्रीबुवा यजमानांना सांगत. त्याला हळद, कुंकू, फूल, नमस्कार. मी शेजारी बसून बघायची. त्यानं जन्मात एक उंदीर मारलेला नाही, साधं म्यावसुद्धा करत नाही, आणि लोक त्याच्यापुढे रडतात! जिवंत मांजर आडवं आलं की हीच मंडळी "हट्" म्हणतात. ज्या वर्षी गणपती दूध प्यायला, तेव्हाही तसंच. साऱ्या मोहल्ल्यातलं दूध दगडाच्या सोंडेला लागलं आणि माझी वाटी कोरडी राहिली. माणसांना हलणारं-बोलणारं काही आवडत नसावं, असं मला वाटू लागलं.

मधल्या काळात शास्त्रीबुवांच्या पत्नी गेल्या. घर सून मुक्तानं सांभाळलं. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि पाच वर्षांत त्यांना उजेडापलीकडे काही दिसेनासं झालं.

"बाबा, ऑपरेशन करून टाका ना. अब तो आसान आहे," मुक्ता दर आठ दिवसांनी म्हणायची.

"ऋचा तोंडपाठ आहेत, गंगेचा रस्ता पायांना पाठ आहे. डोळे कशाला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझीही हाडं कुरकुरू लागली होती. आम्ही दोघं अंगणात उन्हाला बसायचो आणि ऊन सरकलं की दोघंही सरकायचो. मला वाटायचं, आता असंच निभावून जाईल.

शहाण्णव सालच्या माघातली गोष्ट. मी जिन्याच्या वळणावर झोपले होते. शास्त्रीबुवा गंगेच्या पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी घेऊन जिना चढत होते. एकदम मोठा आवाज झाला आणि माझ्या मागच्या पायावर जणू डोंगर कोसळला. मी किंचाळले, पळाले. वळून पाहिलं तर शास्त्रीबुवा हात पुढे करून उभे आणि कळशी माझ्यापाशी पडलेली. ज्या हातानं सतरा वर्षांत मला चापटसुद्धा मारली नव्हती, त्याच हातानं मला कळशी फेकून मारली, असं मी समजले.

तीन दिवस मी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गच्चीवर, लाकडांच्या ढिगामागे पडून होते. मित्रांनो, पाय दुखत होता, पण त्याहून जास्त एक प्रश्न दुखत होता. माझं चुकलं काय? उंदीर धरता येत नाहीत म्हणून? म्हातारी झाले म्हणून? विचार करून करून डोकं भणभणलं, पण उत्तर मिळेना.

इकडे घरी काय झालं, ते मागाहून मुक्ताच्या बोलण्यातून कळलं. शास्त्रीबुवांनी पायरी बोटांनी चाचपली. बोटांना रक्त लागलं. मग ते गल्लीगल्लीत हाका मारत हिंडले आणि घरी येऊन म्हणाले, "मी गोदाला मारली." त्यांनी जेवण सोडलं. घाबरून मुक्तानं घाटावरची एक मांजर धरून आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "बाबा, ही घ्या तुमची गोदा." ती बया लगेच मांडीवर गोळा होऊन घुरघुरू लागली. शास्त्रीबुवांनी तिला कुरवाळलं आणि हळूच खाली ठेवलं. "ही नाही. गोदा कधी अशी गरीब होती का?" मग त्यांनी बोटातलं सोन्याचं पवित्रक काढलं आणि सोनाराकडे पाठवलं.

तिसऱ्या दिवशी भुकेनं मला घरी आणलं. दारातून पाहते तर अंगणात तांदळाची रास आणि तिच्यावर चांगलं अंगठ्याएवढं सोन्याचं मांजर! दान घ्यायला घाटावरचे श्रीनिवासभट बसले होते. आणि यजमानाच्या पाटावर आमचे शास्त्रीबुवा. स्वतःचं नाव, स्वतःचं गोत्र उच्चारून संकल्प सांगत होते. शेकडो लोकांकडून वदवून घेतलेले ते शब्द, पण त्या दिवशी प्रत्येक शब्दाला अडखळत होते. दाढी भिजली होती. मी चक्रावले. मेलं कोण? की मला घालवून यांनी हे नवं मांजर आणलं?

मुक्तानं मला पाहिलं. "बाबा! गोदा! सच में, बाबा, गोदा आली!"

"पुरे, मुक्ता," शास्त्रीबुवा म्हणाले. "काल एकदा झालं ते."

त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. मित्रांनो, मला मंत्रातलं काही कळत नाही, पण हे मी शंभरदा पाहिलं होतं. पाणी सुटलं की यजमान डोळे पुसतो, हलका होऊन उठतो आणि मांजराचा विषय कायमचा संपतो. माझाही संपणार होता. पण त्यांच्याजवळ तांब्याचं भांडं चमकत होतं आणि ते पाहून माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला होता. जवळ जावं तर भीती, न जावं तर सारंच बुडालं.

मी मांडीवर गेले नाही. हातभर अंतरावर थांबले आणि तीन दिवसांचा सगळा राग ओरडून काढला. पाय, भूक, थंडी, ते सोन्याचं ध्यान, काही म्हणून बाकी ठेवलं नाही.

शास्त्रीबुवा थिजले. बोटांच्या फटींतून पाणी गळून फरशीवर गेलं. "हे तोंड..." ते म्हणाले. "अगं, बोल. अजून बोल." आणि दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे सरकले. माझ्या सुजलेल्या पायाला हात लागला तसा त्यांनी तो चटकन मागे घेतला. "हातातून सुटली गं कळशी. तू दिसलीच नाहीस मला."

दिसले नाही? मला तर ते काळोखातसुद्धा दिसतात. तरी त्यांचा आवाज ऐकून माझा राग गेला आणि मी मांडीवर चढले.

श्रीनिवासभट घसा खाकरून म्हणाले, "शास्त्रीजी, मग ह्या दानाचं काय करायचं? मांजर तर जिवंत आहे."

"मेली नाही, पण लागलंय तर खरं. न्या तुम्ही." मग मान वळवून ते म्हणाले, "मुक्ता, डॉक्टरला विचार, डोळ्यांचं कधी करतो."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. पहिल्याच सकाळी शास्त्रीबुवांनी मला उजेडात नेलं आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी मला पाहिलं तेव्हा मी चांगली गुबगुबीत होते. आता तोंडाचे केस पांढरे झालेत, पाठीचे मणके मोजता येतात, एक डोळा गढूळलाय. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"गोदे, तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?" असं म्हणाले आणि रडू लागले. सोन्याच्या मांजरापुढे रडले होते, त्याहूनही जास्त रडले.

मी जिवंत होते, समोर होते, मग रडायचं कशाला? मला काही समजलं नाही. पण मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरात कोणी म्हातारं असेल तर त्याची वाटी भरता, त्याला हाक मारता, हे चांगलंच आहे. पण अधूनमधून त्याच्या तोंडाकडेही नीट बघत जा. आमचे शास्त्रीबुवा आता रोज बघतात. मला झोप लागते, पण ते बघतच राहतात.