साखराबाईची झोप

दुपार झाली की आरोग्य उपकेंद्रालाच डुलकी लागायची. वडवणीच्या रस्त्यावर ऊन पसरलेलं, भोवती फुटलेला कापूस, सगळं कसं अर्धवट झोपेत असल्यासारखं. शेजारच्या रानात मेंढपाळ बंकटचा तळ पडला होता. आया माळावर चरायला गेलेल्या आणि जाळीत कोंडलेली कोकरं सकाळपासून ओरडत होती, इतकी की तो ओरडा आता कुणाच्या कानावरच पडत नव्हता.

बंकटने बायकोला, साखराबाईला, धरून आणलं. खाटेवर टेकताच ती झोपली.

उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी उज्ज्वलाने रुग्णाची तब्येत गुणांवर मोजायचा नवा तक्ता घेतला. याची तऱ्हाच उलटी. शाळेत गुण वाढले की पेढे वाटतात. इथं गुण वाढले की माणूस ढासळतंय म्हणून समजायचं. ताप होता, नाडी जलद, पदराआडचा श्वासही जरा भरभर. झाले चार गुण. चार म्हणजे गोळ्या द्यायच्या, बसवून घ्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. एकच रकाना उरला होता, शुद्धीचा.

"मामी!" तिने खांदा हलवला. साखराबाईने "हं" केलं आणि डोळे मिटले.

"झोपू द्या तिला, म्याडम," बंकट म्हणाला. "लांडगा फिरतोय. रातच्याला जागलीला हीच बसती. आमी मेंढरंवाले दिवसाच झोपताव."

पटण्यासारखंच होतं. उज्ज्वलाच्याही पापण्या जडावल्या होत्या. शून्य लिहावं आणि चहा टाकावा, असं तिच्या मनात आलं. बोलायचं म्हणून तिने विचारलं, "रात्री मामींचा डोळा लागला तर उठवतं कोण?"

"उठवायचं कावून? कोकरू ओरडलं की उटून बसती. माज्या आदी!"

बंकट बोलून गेला आणि खिडकीकडे वळून बघू लागला. उज्ज्वलाही. खिडकीतून कोकरांचा गलका आत येत होता. साखराबाईची पापणीही हलत नव्हती.

उज्ज्वलाने तक्ता पुन्हा पुढे ओढला. ही झोप नव्हतीच. शुद्धीचे तीन गुण पडले, चाराचे सात झाले, आणि सातला वाट बघायची नसते. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

गाडी आली. साखराबाईला आत घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला. बंकट मात्र दाराशी अडखळला. माळावरची मेंढरं उन्हात तरंगल्यासारखी दिसत होती. उभ्या जन्मात त्याने ती अशी वाऱ्यावर सोडली नव्हती.

"मामा, मेंढरांचं काय?" उज्ज्वलाने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या." हातातली काठी टाकून तो गाडीत चढला. "मेंढरं बाजारात घावतील. ही कुठं घावायची?"

साखराबाईने डोळे किलकिले केले. "मेंढरं?" तिने पुटपुटत विचारलं.

"हायेत की, समदी संगंच हायेत," बंकट बेधडक खोटं बोलला, आणि तिचा हात घट्ट धरून बसला.