माझी शेवटची आठ पानं

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, शहाण्यासुरत्या पुस्तकांमध्ये मला कोणी धरत नाही. माझ्यात घोडे आहेत, धूळ आहे, बंदुका आहेत आणि प्रेम तर पानोपानी आहे. मुखपृष्ठावर रुंद काठाची टोपी घातलेला एक घोडेस्वार आणि वाऱ्याने केस विस्कटलेली एक बाई आहे. ते चित्र बघून बरेच लोक मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचे. न्यायचे मात्र सगळे!

माझा जन्म छापखान्यातला. मोठ्या कागदावर सोळा-सोळा पानं एकदम छापायची, कागदाची घडी घालायची आणि अशा घड्या एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायच्या, अशी आमची घडण. माझ्या एकोणीस घड्या भरल्या आणि शेवटी आठच पानं उरली. म्हणून त्यांची वेगळी, लहानशी घडी झाली. ती घडी म्हणजे माझं शेपूट. हे शेपूट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

माझी गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची, दूर पश्चिमेकडच्या उजाड माळरानांची. एक तरुण विधवा एकटीने गुरांचा मोठा कळप सांभाळते. एक भटका घोडेस्वार तिच्याकडे कामाला लागतो. आधी भांडणं, मग ओढ, मग प्रेम, सगळं यथासांग होतं. मग तो गुरं विकायला उत्तरेकडे निघतो आणि म्हणतो, "पहिला बर्फ पडायच्या आत परत येतो." बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो. ती रोज संध्याकाळी फाटकावर कंदील लावून रस्त्याकडे बघत उभी राहते. आणि शेवटच्या आठ पानांत एके दिवशी ती कंदील विझवते, घोडीवर खोगीर चढवते आणि स्वतःच त्याला शोधायला निघते.

छापून झाल्यावर मी एका वाचनालयात आले. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, एवढंच ते वाचनालय. तिथल्या ग्रंथपालबाई शिस्तीच्या पक्क्या. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून त्यांनी एक कोरा कागद चिकटवला होता. पुस्तक परत करताना त्यावर आपला अभिप्राय लिहायचा आणि खाली नाव न घालता सभासद क्रमांक टाकायचा. अभिप्राय नाही, तर दुसरं पुस्तक नाही! "फुकट मत ठेवून काय करणार, लिहा की," असं त्या म्हणायच्या.

त्या कागदावर माझी काय काय शोभा झाली म्हणून सांगू! "वेळ बरा गेला. – ४१." "नायिकेला दुसरं काही काम नाही का? – ९." "नवरा म्हणाला, असलं वाचू नकोस. दोनदा वाचलं. – १३३." हे सगळं मी हसून सोडून दिलं. पण सत्त्याऐंशी नंबरच्या सभासदांनी मला फार लागेल असं लिहिलं. ते निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. सगळे त्यांना घोडाडॉक्टर म्हणत. त्यांनी लिहिलं, "पान ६२ वर घोडा सकाळपासून अंधार पडेपर्यंत चौखूर धावतो. पाणी नाही, चारा नाही, विसावा नाही. हा घोडा पान ६३ वर मेलेला असायला हवा. लेखकाने आयुष्यात घोडा पाहिलेला नाही. – ८७."

तरी माझे दिवस चांगले चालले होते. एका कपाटात चार दिवस म्हणून मी टिकत नव्हते. या हातातून त्या हातात जाता जाता माझी शिवण उसवली आणि बाईंनी मला बाइंडरकाकांकडे पाठवलं.

बाइंडरकाकांचा हात साफ होता. त्यांनी हजारो पुस्तकं शिवली, पण एकही वाचलं नव्हतं. "वाचत बसलो तर खाऊ काय?" असं ते अभिमानाने म्हणत. माझ्या घड्या सोडवताना माझं ते छोटं शेपूट टेबलावर सांडलेल्या चिकट खळीत पडलं आणि चिकटून बसलं. काकांनी ते खरवडून टोपलीत टाकलं. त्यांना वाटलं, रद्दी. मग मला शिवताना त्यांनी शेवटचं पान पाहिलं. प्रकरण अर्ध्या पानावर संपलं होतं, खाली एक छापील फूलही होतं. "झालं, संपलं की पुस्तक!" म्हणत त्यांनी मागचा नवा पुठ्ठा लावला. अभिप्रायाचा जुना कागद मात्र बाईंनी बजावलं होतं म्हणून जपून पुन्हा चिकटवला.

आता माझी गोष्ट फाटकाशीच संपू लागली. "ती रस्त्याकडे बघत उभी राहिली." त्यापुढे फूल. आणि गंमत बघा, वाक्य पुरं असल्यामुळे कोणाला संशयसुद्धा आला नाही. उलट माझा भाव वधारला! "काळजाला भिडणारा शेवट. – ७०." "असा शेवट करायला छाती लागते. – ५६." ग्रंथपालबाई तर नव्या सभासदांना मुद्दाम सांगायच्या, "अहो, शेवट वाचकावर सोडलाय, मोकळा!" मोकळा कसला डोंबलाचा! तुटला होता तो. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मी छापल्याबाहेर एक अक्षर कसं बोलणार?

आणि मग दोनशे बारा नंबर आली.

ती शिवणकाम करायची. बाजारामागच्या एका खोलीत ती आणि तिची नणंद राहायच्या. तिचा नवरा लांब कुठेतरी धरणाच्या कामावर गेला होता. "बस्तान बसलं की बोलावतो," म्हणाला होता. पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला पत्र यायचं. मग एकाएकी पत्रं थांबली. त्याला दोन वर्षं झाली होती. शेवटच्या पत्रावरचा पत्ता तिने मशीनच्या खणात, रिळांच्या खाली ठेवला होता. जाऊन बघावं की इथेच थांबावं, एवढा एकच प्रश्न तिला रात्रंदिवस होता. नणंद म्हणायची, "शहाणी असशील तर गप बस. परक्या मुलखात एकटी कुठे शोधत हिंडणार? यायचा तो येईल."

ती मला मशीनच्या कडेला ठेवून वाचायची. कॉलर उलटून झाली की दोन पानं, बाही बसली की दोन पानं. खुणेला मापाची टेप. शेवटच्या पानावर आली की तिचं बोट त्या फुलापाशी थांबून राहायचं. पहिल्या वेळी तिने लिहिलं, "ती वाट बघते तेच बरोबर. – २१२." मग पुन्हा मला नेलं, मग पुन्हा. नऊ वेळा नेलं! त्या पानाचा कोपरा तिच्या बोटाने मऊ पडला.

मित्रांनो, इतक्या मायेने मला दुसऱ्या कोणी हाताळलं नाही आणि दुसऱ्या कोणाशी मी इतकी खोटी वागले नाही. ती माझ्याकडे उत्तर शोधायला यायची आणि मी दर वेळी सांगायचे, थांब. बाई गं, हा माझा शेवट नाही, माझी नायिका निघाली गं! आतल्या आत मी नुसती तळमळायचे.

एका दुपारी ती मला नवव्यांदा परत करत होती. टेबलाशी उभी राहून तिने लिहिलं, "ती अजून उभी आहे. – २१२." मागे घोडाडॉक्टर येऊन उभे होते. कपाटातलं सगळं वाचून संपल्यामुळे माझ्याशी पुन्हा एकदा भांडावं म्हणून ते मलाच न्यायला आले होते. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली.

"उभी? कोण उभी? ती तर निघाली की!"

"कुठे निघाली?" तिने विचारलं.

"त्याला शोधायला! कंदील विझवते, खोगीर चढवते आणि जाते. पुढे पानंच्या पानं नुसती वाट तुडवते. तिथेही घोडीला पाणी पाजायला विसरला तो लेखक, म्हणून तर माझ्या डोक्यात बसलंय."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिसळलं असेल. ह्याचा शेवट मोकळा आहे."

"मोकळा? आणा इकडे!" त्यांनी मला उलटं धरलं, पुठ्ठा मागे वाकवला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. "हे बघा. इथे कागदाच्या चिंध्या राहिल्यात. जनावराचं शेपूट तुटलेलं मला कळतं, बाई. आठ पानं गेलीत."

बाई खुर्चीत बसल्याच. "अगंबाई! आणि चार वर्षं मी जगाला सांगतेय, मोकळा शेवट, मोकळा शेवट!"

दोनशे बाराचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तिने हळूच विचारलं, "मग भेटतो का तो तिला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. "खरं सांगू का पोरी, तेवढं आठवत नाही. माझं सगळं लक्ष घोडीकडे होतं. पण ती निघते, हे पक्कं. अगदी शपथेवर सांगतो."

तिने मला त्यांच्या हातातून घेतलं. मग तिने पेन उचललं, नुकतीच लिहिलेली ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "अभिप्राय नंतर कळवते. – २१२." असला अभिप्राय बाईंनी जन्मात चालवून घेतला नसता, पण त्या दिवशी घेतला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. हे मला तिच्या नणंदेकडून कळलं. ती बिचारी वाचनालयात येऊन तावातावाने सांगत होती, "कसलं पुस्तक दिलंत हो तिला? मी म्हटलं, आणि नाही भेटला तर? तर म्हणते कशी, नाही भेटला एवढं तरी कळेल!" आणि बोलता बोलता नणंदेच्याच डोळ्यांना धार लागली.

त्यानंतर माझे दिवस फिरले. ग्रंथपालबाईंनी प्रामाणिकपणे माझ्यावर चिठ्ठी लावली, "शेवटची आठ पानं नाहीत." झालं! अपुरं पुस्तक कोण नेणार? मी वरच्या फळीवर गेले. माझ्यावर धूळ बसली, कडा पिवळ्या पडल्या. तुम्हाला वाटेल, हिला मागणी गेल्याचं दुःख झालं असेल. तेही झालंच, खोटं कशाला बोलू. पण खरी हुरहुर वेगळीच होती. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, तीच. इतकी वर्षं लोक माझा शेवट काय म्हणून विचारत होते आणि आता मीच तिच्या शेवटासाठी झुरत होते. भेटला असेल का? की नसेलच भेटला? मी तिला घराबाहेर काढलं आणि वाईट झालं असेल तर?

दीड वर्षाने टपालाने एक पाकीट आलं. वर धरणाच्या गावचा शिक्का. आत हाताने लिहिलेली आठ पानं, ३०५ ते ३१२ आकडे घातलेली आणि बरोबर माझ्या मापाने कापलेली. माझं माप तिला पाठच होतं. बाईंनी घोडाडॉक्टरांना बोलावणं धाडलं. बाइंडरकाकाही आले, मान खाली घालून. आणि डॉक्टरांनी मोठ्याने वाचायला घेतलं.

त्या पानांत माझी नायिका कंदील विझवून निघते. एका दिवसात पोहोचत नाही. घोडी दमते, ती उतरून पायी चालते, ओढा लागला की घोडीला पाणी पाजते. लोक वाट चुकवतात, काही हसतात, एक म्हातारी निजायला जागा देते. शेवटी एका लोहाराच्या शेडसमोर तो तिला दिसतो. उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. डाव्या हाताने चिमटा धरायला शिकत असतो. "पत्र का नाही लिहिलंस?" असं ती घोडीवरूनच विचारते. तो हात पुढे करतो. ती म्हणते, "मग दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं!" तो म्हणतो, "लाज वाटली." त्यावर ती आधी कडाकडा भांडते, मग रडते आणि मगच घोडीवरून उतरते. ती परत जात नाही. तिथेच दोघं एक नवं फाटक बसवतात आणि त्यावर कंदील लावायची गरज उरत नाही. खाली सही, २१२.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "डॉक्टर, ही कादंबरी नाही हो."

"मग काय आहे?"

"तिचा अभिप्राय आहे. कळवते म्हणाली होती ना."

बाइंडरकाकांनी ती पानं नेली आणि शिवण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. जन्मात पहिल्यांदा! मग त्यांनी दुहेरी दोरा घेतला आणि ती माझ्यात पक्की शिवली. दुसऱ्या दिवशी घोडाडॉक्टरांनी मागच्या कागदावर लिहिलं, "पान ३०६ वर घोडीला पाणी पाजलं आहे. आता तक्रार नाही. – ८७."

आता मी पुन्हा हातोहाती फिरते. पण मित्रांनो, तो मऊ पडलेला कोपरा अजून तसाच आहे आणि तिथे तिचं बोट काही पुन्हा आलं नाही. ती तिकडे सुखात आहे, इकडे कशाला येईल? हे मला कळतं, तरी जिना वाजला की मी कान टवकारते.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आमची पानं जपा, शिवण उसवली तर वेळेवर शिवून घ्या आणि शेवटचं पान खरंच शेवटचं आहे का, ते एकदा बघत जा. आणि तुमचं कोणी दूर राहिलं असेल, बरेच दिवस खबर नसेल, तर नुसते फाटकाशी उभे राहू नका. मी इथे फळीवर तिची वाट बघत बसते, कारण मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.