जिनिंगच्या फळ्यावरचा गट ब

आधीच माफी मागतो. बोलतोय मी, पण लिहून घेणारा शिवम आहे आणि त्याची शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच असतील. माझ्यावर आजवर आकडे आणि दोन-चार नावंच लिहिली गेली, त्यामुळे मोठे शब्द मलाही येत नाहीत.

मी एक फळा आहे. तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, कापसाचा भाव लिहायचा.

माझा जन्म अकोल्याचा. एका सुताराने सागाच्या पाट्या जोडून मला बनवलं आणि काळा रंग दिला. कापसाच्या गाठी उतरवून रिकामा परत निघालेल्या ट्रकात मला टाकलं, तेव्हा रंग पुरता वाळला नव्हता. ट्रकात उडणारे कापसाचे तंतू माझ्या अंगाला चिकटले. त्यातले काही अजून तसेच आहेत. खडू त्यांच्यावरून गेला की अक्षर थोडं अडखळतं.

जिनिंगच्या फाटकाजवळ, वजनकाट्याच्या खोलीबाहेर मला टांगलं. दसऱ्याला मला हळद-कुंकू लागायचं आणि त्यानंतर रोज सकाळी मुनीम महादेवराव माझ्यावर त्या दिवसाचा भाव लिहायचे. शेतकरी भाव एकदा वाचून थांबत नाही. तो वाचतो, चहा प्यायला जातो, परत येऊन पुन्हा वाचतो. तेवढ्या वेळात आकडा वाढला असेल असं त्याला वाटत असावं.

महादेवरावांचा एक नियम होता. तोंडाने सांगितलेला भाव मोडता येतो, फळ्यावर लिहिलेला मोडायचा नाही. दुपारी बाजार पडला तरी संध्याकाळपर्यंत माझ्यावरचा आकडा पुसायचा नाही. एकदा शेठ स्वतः ओरडले, तरी त्यांनी फडकं हातात घेतलं नाही. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

मग भाव मोबाईलवर यायला लागला. माणसं माझ्यासमोर उभी राहून हातातल्या काचेत पाहू लागली. गेल्या दोन हंगामांत माझ्यावर कोणी काही लिहिलं नाही. मला काढून खोलीच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. भिंत वाचायला काही फार नसतं.

जून महिन्यात जिनिंग बंद असते. कापूस टाकायचं मोठं सपाट यार्ड रिकामं पडतं. महादेवराव सकाळ-संध्याकाळ चक्कर मारतात आणि राखणीला शिवम असतो. शिवम फार कमी बोलतो. यार्डाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर पौर्णिमा नावाची मुलगी लहान पोरींना फुटबॉल शिकवते. ती बारावीत आहे, अकोल्याला मावशीकडे राहून खेळ शिकून आली. रस्त्यावर ट्रॅक्टर आला की खेळ थांबतो. चेंडू रोज भिंतीवरून यार्डात पडतो. शिवम तो उचलतो, हाताने पलीकडे फेकतो आणि परत बसतो.

एक दिवस पौर्णिमाच आत आली. महादेवरावांना म्हणाली, "आबाजी, यार्ड खाली पडलं आहे. पोरीइले खेळू द्या ना."

"इथं लक्ष्मी येऊन पडते," महादेवराव म्हणाले. "कापसाच्या गंजीवर मी सोता चप्पल काढून चढतो. अन् तुमी तिथं लाता मारसान?"

"लाता नाई आबाजी, पास."

"पायानंच मारता ना? मंग लातच झाली."

पौर्णिमाने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला खोलीमागे मी दिसलो. "मंग हा फळा तरी द्या. गट लिहाचा आहे."

यार्डात सरकी झाडणाऱ्या पार्बताबाई म्हणाल्या, "गट? बचत गट काढून राहिली का वं?"

"नाई वं आजी. आपल्या देशाच्या पोरी थायलंडमध्ये खेळून राहिल्या. एका गटात पाच देश. जो पहिला येईन तोच आशियाच्या स्पर्धेत जाईन."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे घरी."

शिवमने मला बाहेर आणलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि जुन्या खिळ्यावर टांगलं. दोन वर्षांनी ऊन तोंडावर आलं. पौर्णिमा सांगत गेली आणि शिवमने लिहिलं: गट ब. भारत, थायलंड, मंगोलिया, तिमोर-लेस्ते, इराक. मंगोलियाच्या 'ग'पाशी तंतू होता, तिथे अक्षर अडखळलं. पुढे रकाने आखले.

पहिला सामना झाला. शिवमने लिहिलं, भारत तेरा, मंगोलिया शून्य.

"तेरा?" महादेवराव म्हणाले. "हे क्रिकेट आहे का फुटबॉल?" मग शेवटच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"गोल फरक," पौर्णिमा म्हणाली. "आपण मारलेले गोल, त्यातून आपल्यावर झालेले वजा."

महादेवरावांचा चेहरा उजळला. "असं सांग ना मंग! भरल्या गाडीचं वजन, त्यातून खाली गाडीचं वजा. राहिला तो निव्वळ माल."

तेव्हापासून तो रकाना निव्वळ झाला. खाली उभ्या राहणाऱ्या पोरीही तसंच म्हणू लागल्या. महादेवराव आता सकाळच्या चकरेत यार्डाआधी माझ्याकडे येत.

पौर्णिमाने ते हेरलं. "आबाजी, आपला नंबर पहिला आला तर यार्ड देसान का?"

"पह्यले येऊ तर दे."

"म्हंजे हो?"

"हो बाई, हो."

"मंग फळ्यावर लिवा."

तोंडचं बोलणं आणि फळ्यावरचं बोलणं यातला फरक त्या आवारात सगळ्यांना माहीत होता. महादेवराव नुसते हसले आणि काट्याच्या खोलीकडे वळले. तेवढ्यात शिवमने खडू उचलला आणि रकान्यांच्या खाली लिहिलं: भारत पहिला आला, तर दसऱ्यापर्यंत यार्ड मुलींचं.

"अबे, कोणाले इचारून लिवलं?"

शिवमचे कान लाल झाले. "तुमी हो म्हणले ना," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

महादेवरावांचा हात फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी पुसलं नाही.

तिमोर-लेस्तेवर चार, इराकवर पाच. पण थायलंडही सगळे सामने जिंकत होतं. शेवटचा सामना शनिवारी, भारत आणि थायलंड यांच्यातच. दोघांचे गुण सारखे, निव्वळही सारखं. "काटा बरोबर आहे," महादेवराव म्हणाले आणि बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले.

त्या दिवसांत मी एक पाहिलं. पोरी आता चेंडू कमी आणि मला जास्त पाहत होत्या. भाव पाहणारे शेतकरी पाहायचे तशाच. वाचून जायच्या, परत येऊन वाचायच्या. माझ्या मनात यायचं, तिकडे थायलंडमध्येही एखाद्या गावात असाच फळा असेल, आणि त्याच्या खाली उभ्या पोरींचंही काही अडलेलं असेल. एका गटात सगळ्यांची इच्छा मावत नाही.

शुक्रवारी एका लहान पोरीने पौर्णिमाला विचारलं, "ताई, त्या हारल्या तर आपण पुन्हा रस्त्यावरच ना?"

पौर्णिमा तशीच महादेवरावांपुढे गेली. "आबाजी, तिकडच्या पोरी हारल्या तर ह्या पोरीइनं काहून भोगाव? ह्याइनं काय केलं?"

"फळ्यावर लिवलं आहे आता. तुच म्हणली होती, लिवा."

"म्हणली होती," पौर्णिमा म्हणाली. "तवा मले वाटलं, लिवलं म्हंजे झालं."

महादेवराव सायकल घेऊन निघून गेले. मला स्वतःची पहिल्यांदा लाज वाटली. लिहिलेलं मोडत नाही, हाच माझा मोठेपणा होता. आता तोच पोरींना आडवा आला होता.

शनिवारी दुपारी ते वावरातून थेट आले. पायजम्याला गुडघ्यापर्यंत काळी माती होती. त्यांनी यार्डाच्या तोंडाशी चप्पल काढली, एकटेच आत जाऊन पूर्ण फेरी मारली आणि परत आले. पौर्णिमा, पोरी, पार्बताबाई, शिवम, सगळे माझ्यासमोर मोबाईलभोवती जमले होते. सामना अजून सुरू व्हायचा होता.

महादेवरावांनी फडकं ओलं केलं.

"आबाजी, नका पुसू!" पौर्णिमा ओरडली.

त्यांनी पुसलं. पण सगळं नाही. 'भारत पहिला आला, तर' एवढंच पुसलं. मागे राहिलं: दसऱ्यापर्यंत यार्ड मुलींचं.

"मी वावरातून येऊन राहिलो," ते म्हणाले, कोणाकडे न पाहता. "कपाशी वर आली आहे. आता लक्ष्मी तिथं आहे, इथं नाई. दसऱ्याले ती येईन इकडं. तोवर खेळा." मग मोबाईलकडे मान करून म्हणाले, "अन् त्याइले बी खेळू द्या आता मोकळ्या मनानं. सांग वं, सुरू झाला का?"

भारताने एक गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. महादेवराव उठून काट्याच्या खोलीत गेले, पाणी न पिताच परत आले. मग दुसरा गोल भारताचा झाला. सामना संपला तेव्हा पार्बताबाईंनी हातातला झाडू वर केला, आणि शिवमने माझ्यावर लिहिलं: भारत दोन, थायलंड एक. त्याचा खडू तुटला. अर्ध्या खडूनेच त्याने भारतापुढे पहिल्या नंबराचा एक लिहिला.

आता माझं म्हणणं एवढंच. दसऱ्याला पुन्हा हळद-कुंकू लावा, भाव लिहा, मी तुमचाच आहे. पण माझा खालचा एक कोपरा पोरींसाठी राखून ठेवा. आणि जे मोडायचं नाही असं काही माझ्यावर लिहाल, तर त्यात कोणाचं काय अडकतं आहे ते आधी पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवमने फाटकाचं कुलूप काढलं आणि चुन्याची पूड घेऊन यार्डात रेषा आखल्या. पोरी आल्या, चपला फाटकापाशी रांगेत काढून आत धावल्या. थोड्या वेळाने चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी आला. सवयीने तो उचलायला वाकला, आणि थांबला. इकडेतिकडे पाहिलं, चप्पल काढली, आणि त्याने पायाने मारला. चेंडू भलतीकडेच गेला.

"शिवमदादा," पौर्णिमा ओरडली, "ही लात झाली! पास असा नाई देत!"

तो हसला, आणि चेंडूमागे धावला.