पुसून ठेवलेली धूळ

पाहुणा येणार म्हटलं की आमच्या गावाला भान राहत नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाई येणार होत्या, तर बायकांनी उजाडल्यापासून ओटे धुतले, छपरं झाडली. एकीने तर दारातल्या पेरूची पानं फडक्याने पुसली. बाई खडीच्या क्रशरची धूळ बघायला येणार, आणि आम्ही ती पुसून मोकळ्या! अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

गावाशेजारी एक क्रशर होताच. दुसरा विहिरीमागे टाकायचा घाट होता. त्याने माणसांच्या तब्येतीचं काय होईल ते बाई आधी तपासणार, आणि मगच सरकार परवानगीचं ठरवणार. मुकादमाने क्रशर मुद्दाम बंद ठेवला आणि दारोदार दम देऊन गेला, "आज कुणी खोकायचं नाही. जो खोकेल त्याने उद्या कामावर येऊ नये."

माझ्या धाकट्या जावेने सकाळपासूनच पोरीला आतल्या खोलीत ठेवून कडी लावली होती. तिच्या चिमीची छाती भात्यासारखी चालायची. आणि भावोजी त्याच क्रशरवर डंपर चालवायचे. माझा मुलगाही तिथेच खडी भरायचा.

"जाऊबाई, बोलले तर यांचं काम जाईल," धाकटी म्हणाली. "नाही बोलले तर पोर जाईल. काय करू हो?"

मी फडकं पिळलं आणि पुन्हा ओटा पुसायला लागले.

बाई आल्या. मागे मुकादम, हसत हसत. प्रत्येक दारात एकच उत्तर, "सगळं छान आहे, चहा घ्या." आमच्या दारात भावोजी पुढे झाले.

"आमच्याकडे कुणाला काही नाही."

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली.

"शेळी आहे," भावोजी म्हणाले.

बाई पुढच्या दाराकडे वळल्या. तशी धाकटीने आतल्या खोलीची कडी काढली. चिमी धापा टाकत बाहेर आली.

"शेळी नाही, माझी पोर आहे," धाकटी म्हणाली. "क्रशर चालू असताना या, बाई. आज तुमच्यासाठी बंद ठेवलाय."

मुकादमाचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी भावोजींचा डंपर दुसऱ्याच्या हाती गेला. ते बायकोशी बोलेनात. बाई मात्र न सांगता पुन्हा आल्या, क्रशर धडधडत असताना, आणि घरोघर छात्या तपासून गेल्या. पुढे कितीतरी दिवस मुकादमाची गाडी दारावरून हळू गेली, की आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो.

शेवटी बाई स्वतःच सांगायला आल्या. दुसऱ्या क्रशरला परवानगी नाकारली होती. गाव आनंदाने ओरडलं.

"आणि पहिला?" धाकटीने विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. "त्याचं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

पलीकडे क्रशर धडधडतच होता. धाकटीने चिमीला आत नेऊन खिडकी लावली, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर आली.

"त्याचं कुठे विचारायचं असतं, तेवढं सांगा, बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊबाई, येता ना?"

माझा मुलगा त्या वेळी तिथेच खडी भरत होता. चप्पल पायात जाता जाईना. पण घातली.