न वाजणारा विराम

मी संगीतलिपीतला विराम बोलतोय. स्वरावर लहानशी कमान आणि तिच्या पोटात टिंब, एवढाच माझा देह. 'जरा थांबा' हेच माझे जन्माचे सांगणे, आणि तेच कोणी ऐकत नाही.

सन २००३ मध्ये बालाघाटच्या नीळकंठरावांच्या घरी, त्यांची लेक पौर्णिमा हिने मला संगणकाच्या पडद्यावर बसवले. नीळकंठराव भजनी मंडळाचे मुख्य गायक. नागपूरला त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. आवाज राहणार नव्हता. आपली चाल मंडळासाठी मागे उरावी, म्हणून ते लेकीकडून ती स्वरांत लिहवून घेत होते. लिहिलेले संगणक वाजवून दाखवी.

मंडळाची रीत अशी, की विठ्ठलनामाआधी गाणे थांबते, सारे माथा टेकवतात आणि शेवटचा माथा वर आल्यावरच नाम उच्चारले जाते. तिथे माझी जागा.

पौर्णिमेने कळ दाबली. संगणक मला ओलांडून सरळ पुढे गेला!

"थांबलं काहून नाही हे?"

"लिहिलं तर हाय न, बाबा. हा पाहा विराम."

"लिहून का होते? लांजीची बस सुटून राह्यल्यासारखं धावते हे!"

दिसावे सर्वांना, ऐकू कोणालाच येऊ नये, हा कसला जन्म? अखेर पौर्णिमेने माझ्याखालच्या स्वराची लय अतिशय मंद केली. मी वाजू लागलो. पण दर वेळी तेवढाच, मापून कापल्यासारखा.

शस्त्रक्रियेनंतरच्या एकादशीला संगणक देवळात आला. नीळकंठराव मुके बसले होते. मागच्या रांगेत म्हाताऱ्या शांताबाई गुडघे धरून वाकत होत्या. त्यांचे कपाळ टेकण्याआधीच माझी मुदत संपली आणि यंत्राने नाम सुरू केले.

"या मशीनले कुठं जायचं हाय वो, एवढी घाई?" शांताबाई अर्धवट वाकूनच म्हणाल्या.

सारे हसले. नीळकंठरावांच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. ते उठले. पौर्णिमेची खुर्ची पडद्याकडून फिरवून त्यांनी मंडळाकडे केली आणि तिचे बोट कळीवर ठेवले.

पुन्हा नामाची जागा आली. पौर्णिमेने वादन हाताने थांबवले. शांताबाईंचे कपाळ टेकले, सावकाश वर आले. नीळकंठरावांनी मान हलवली, तेव्हाच कळ दाबली गेली.

माझे काम एका बोटाने केले, याचा मला आजही राग आहे. देवासमोर खोटे कशाला बोलू? परंतु तुमच्या गाण्यात कधी मी आलो, तर माझ्याकडे पाहत राहू नका. मागे वळून पाहा, कोणी अजून वाकलेले आहे का.