हिरव्या पट्ट्यावर काळा रंग

सकाळी रंगारी बाप कामाला निघाला, तेव्हा आई डबा भरत होती आणि लेक सायकलमध्ये हवा मारत होती. शाळा लांब, बस नाही. सरकारने मुलींना सायकली वाटल्या, रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला, म्हणून तर पोरगी नववीपर्यंत पोचली! तो पट्टा बापानेच रंगवलेला. मंत्र्यांनी त्यावर फोटो काढून घेतला, तेव्हा रंग वाळलाही नव्हता.

आज मुकादमाने त्याच्यापुढे काळ्या रंगाचा डबा ठेवला. "पट्टा पुसून टाक. गाड्या लावायला चौकोन आखायचेत."

"साहेब, पोरी जातात इथनं."

"सायकलींचा निधी तिकडे वळवलाय. तू ब्रश चालव, तोंड नको."

त्याने ब्रश चालवला.

संध्याकाळी लेक सवयीने कडेनेच परतत होती. चौकोनातल्या गाडीचं दार फाडकन उघडलं. हात मोडला. वर गाडीवालाच ओरडला, "डोळे फुटले का गं?"

प्लॅस्टर घालून घरी आणलं, तर आत्या तयारच. "तरी मी सांगत होते! एवढी घोडी झाली, सायकलवर कसली हिंडते? बास झाली शाळा. वरच्या मजल्यावरची पोर नाही बसवली घरी?"

बसवली ना! आपल्याकडे हीच तर रीत. रस्ता बिघडला की रस्ता कोणी सुधारत नाही, मुलगी घरात कोंडतात. आणि त्याला म्हणायचं काळजी!

आई ताडकन उठली. "वन्सं, निधी त्यांनी वळवला, पट्टा तुमच्या भावाने पुसला, दार त्या मेल्याने उघडलं. आणि शाळा हिची बंद?"

बाप पुटपुटला, "पोटासाठी केलं गं."

"मग पोटच्या पोरीसाठीही करा काहीतरी!"

सकाळी त्याने मुकादमाला फोन लावला. "शाळेपुढचा पट्टा राहिलाय, तो मी पुसणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

लेकीला कॅरिअरवर बसवून तो सायकल ढकलत निघाला. बरोबर आई. कडेला गाड्याच गाड्या, म्हणून तिघं रस्त्याच्या मधून चालली. शाळेच्या मुली सायकलींवरून मागोमाग आल्या. हॉर्नचा नुसता कल्लोळ!

हवालदार धावत आला. "ओ बाई, बाजूला घ्या पोरींना! बाजूला!"

आई थांबली. मागच्या सगळ्या सायकली थांबल्या.

"घेते की. बाजू कुठे ठेवलीय, तेवढं दाखवा."